पैसा पंधरा वर्षांसाठी ठेवायचा, पण कुठे? मलकापूरच्या बँकेने जिल्ह्याला शिकवलेला हिशेब

बुलढाणा : तारीख २४ नोव्हेंबर २०२१. सोयाबीन घरात आलेले, कापसाची वेचणी सुरू, हरभऱ्याची पेरणी आटोपत आलेली. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खात्यात पन्नास हजार असोत की पन्नास लाख, खातेदाराला १० हजारांच्या वर काढता येणार नाही, असा तो आदेश होता. पुढे ५ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेचा परवानाच रद्द केला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि पुढे कमाई होईल अशी चिन्हे नाहीत, असे कारण दिले गेले.

मलकापूर हे आपल्याच जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. त्यामुळे ही बातमी मुंबई-दिल्लीची नव्हती, शेजारच्या घरची होती. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने एक आकडा सांगितला होता. बँकेच्या ९७ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव सुटले. उरलेले दोन-तीन कोण? ज्यांनी एकाच बँकेत पाच लाखांच्या वर ठेवले होते ते.

आज हा विषय पुन्हा काढायचे कारण आहे. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि जमिनीच्या मोबदल्याचा पैसा घरोघरी आला. जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रातल्या गावांतही मोबदल्याचा पैसा येतो. वावर गेले ते कायमचे गेले. त्या बदल्यात आलेली रक्कम पुढच्या पिढीपर्यंत पुरवायची, तर ती दहा-पंधरा वर्षे सांभाळावी लागणार. आणि सांभाळायची म्हणजे आधी जोखीम ओळखावी लागणार.

पाच लाखांची रेघ

बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले, तर ठेवीदाराला पैसे देण्यासाठी डीआयसीजीसी म्हणजे ठेव विमा महामंडळ आहे. ही रिझर्व्ह बँकेचीच संस्था. आधी हे संरक्षण फक्त १ लाख रुपयांचे होते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, लोक रस्त्यावर उतरले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. मलकापूरच्या ठेवीदारांच्या कामी हाच बदल आला. परवाना रद्द झाला तोवर विम्याची बरीच रक्कम वाटूनही झाली होती.

पण या पाच लाखांचे बारकावे अनेकांना माहीत नसतात.

पहिले, पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. पाच लाखांची ठेव आणि त्यावर साठ हजार व्याज झाले असेल, तर साठ हजार रेघेच्या बाहेर.

दुसरे, एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच हिशेब होतो. मलकापूर शाखेत तीन लाख आणि नांदुरा शाखेत चार लाख, म्हणजे सात लाखच धरले जातात.

तिसरे, नवऱ्याच्या नावचे खाते, बायकोच्या नावचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते यांचा हिशेब वेगवेगळा होतो.

चौथे, त्याच बँकेचे कर्ज डोक्यावर असेल तर ठेवीतून ते आधी वळते होऊ शकते.

समजा एका घराने मोबदल्याचे १२ लाख एकाच माणसाच्या नावाने एकाच बँकेत ठेवले. बँक अडली तर ५ लाख विम्यातून मिळतील. राहिलेले ७ लाख अवसायक बँकेची कर्जवसुली करेल तसे, जमले तेवढे आणि जमेल तेव्हा. त्याला वर्षे लागतात. तेच १२ लाख तीन वेगवेगळ्या बँकांत चार-चार लाखांनी ठेवले असते, तर सगळी रक्कम संरक्षणात आली असती. व्याज तेवढेच मिळाले असते. वाटणी करायला एक पैसाही जास्त लागला नसता.

नावात अर्बन, पण बँक आहे का?

ठेव विमा फक्त बँकेला लागू आहे. पतसंस्था, क्रेडिट सोसायटी आणि मल्टिस्टेट सोसायटी यांना तो लागू नाही. जिल्ह्यातली बहुतेक फसगत इथेच होते. पाटी तशीच, काउंटर तसेच, पासबुक तसेच. दारात उभ्या माणसाला फरक कळत नाही.

मलकापूरवर निर्बंध आले त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढली होती. सहकारी सोसायट्यांनी नावात ‘बँक’ शब्द वापरू नये आणि त्यांच्याकडच्या ठेवींना विमा नाही, असे त्यात सांगितले होते. जिल्ह्याचे नाव देशभर नेणारी बुलडाणा अर्बन हीसुद्धा कायद्याने मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आहे, बँक नाही. संस्था चांगली की वाईट, हा वेगळा प्रश्न. कोणत्या कायद्याखाली पैसा ठेवतोय हे ठेवीदाराला माहीत पाहिजे, एवढाच इथे मुद्दा.

शेजारची उदाहरणे ताजी आहेत. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट २०१५ च्या सुमारास कोसळली. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवी २०२३ पासून अडकल्या आणि पुढे प्रकरण पोलीस आणि ईडीकडे गेले. सहाराच्या चार सोसायट्यांत अडकलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्राने जुलै २०२३ मध्ये परतावा पोर्टल उघडले. तिथे पहिला हप्ता होता १० हजारांपर्यंतचा. पर्ल्स म्हणजे पीएसीएलचे तर गावोगाव एजंट होते. सेबीने २०१४ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, आणि तरी अनेक घरांत त्या पावत्या अजून ट्रंकेत आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. एजंट ओळखीचा, बहुतेक वेळा नात्यातला. तो लबाड होता असे नाही. त्याने स्वतःच्या घरचाही पैसा तिथेच टाकलेला होता. म्हणून ‘आपला माणूस आहे’ ही हमी पैशाच्या बाबतीत चालत नाही. माणूस खरा असला तरी संस्था खोटी निघू शकते.

जास्त व्याज कुठून येते?

बँक ७ टक्के देते आणि कोणी १४ टक्के देतो, तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा. हा पैसा पुढे कोणाला देणार? ठेवीदाराला १४ टक्के द्यायचे, शाखेचा खर्च आणि एजंटचे कमिशन भागवायचे, तर कर्ज १८-२० टक्क्यांनी द्यावे लागेल. एवढ्या व्याजाने कर्ज कोण घेतो? ज्याला बँकेने दारातून परत पाठवले तो. म्हणजे जास्त व्याज ही संस्थेची मेहेरबानी नसते, ठेवीदाराने उचललेल्या जोखमीची ती मजुरी असते. मजुरी मिळाली तर ठीक. पण हे काम आपण करतोय हेच ठेवीदाराला माहीत नसते.

पैसा दुप्पट कधी होईल हे बघायला ७२ ची युक्ती आहे. ७२ ला व्याजदराने भागायचे. ६ टक्क्यांनी १२ वर्षे, ८ टक्क्यांनी ९ वर्षे. पाच वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला १४ टक्क्यांच्या वर. अशी पाटी दिसली की मोबाइलवर हा भागाकार करायचा आणि मग विचार करायचा.

न दिसणारी जोखीम : महागाई

मग सगळा पैसा सरकारी बँकेत ठेवला की झाले? नाही. हीच ७२ ची युक्ती महागाईलाही लागते. महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर १२ वर्षांत १०० रुपयांची किंमत ५० वर येते. बचत खात्यात तीन टक्क्यांनी पडलेला पैसा पासबुकात वाढताना दिसतो आणि बाजारात घटत असतो. खताची बॅग, डिझेल आणि मुलांच्या कॉलेजची फी यांचा दहा वर्षांपूर्वीचा भाव आठवला की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणजे जोखीम दोन्ही बाजूंनी आहे. हलवला तर बुडण्याची भीती, आणि ठेवून दिला तर झिजण्याची. पंधरा वर्षांच्या गुंतवणुकीत शून्य जोखीम अशी जागाच नाही. कोणती जोखीम किती घ्यायची, एवढेच आपल्या हाती असते.

शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीन १० हजारांच्या आसपास गेले होते. तो भाव डोक्यात ठेवून पुढच्या हंगामांत अनेकांनी माल घरात साठवला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारात त्याच्याही खाली विक्री झाली. माल चांगलाच होता. चूक झाली ती सगळे एकाच भावावर लावण्यात.

आणि तोच शेतकरी सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ टाकतो. पाऊस लवकर गेला तर सोयाबीन हाती लागते, उशिरापर्यंत राहिला तर तूर. दोन्ही पिके एकदम बुडायची शक्यता कमी. ज्याला शहरात जोखीम विभागणे म्हणतात, ते हेच. वावरात जे आजोबापासून चालत आले, ते पैशाच्या बाबतीत मात्र विसरले जाते. सगळी रक्कम एक तर एका प्लॉटमध्ये, नाही तर एका सोसायटीत.

प्लॉट आणि सोन्याचेही बघायला पाहिजे. जमीन बुडत नाही हे खरे, पण दवाखान्याच्या दारात उभे असताना ती आठ दिवसांत विकत नाही. विकली तर पडेल भावाने. सोने लगेच मोडता येते, पण तेही सरळ वर जात नाही. २०१२ मध्ये तोळा ३० हजारांच्या वर होता, २०१५ मध्ये २५-२६ हजारांपर्यंत उतरला. लग्नासाठी २०१२ मध्ये घेतलेले सोने २०१५ मध्ये मोडावे लागले असते तर तोटाच झाला असता. पुढे भाव भरपूर वाढले, पण ज्याला थांबता आले त्याच्यासाठी.

शेअर बाजार : जुगार कुठे, गुंतवणूक कुठे?

आता मोबाइलवर डिमॅट खाते दहा मिनिटांत उघडते. गावातल्या पोरांच्या हातात ऑप्शनचे ॲप आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ जणांचा तोटा झाल्याचे आढळले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. त्याला गुंतवणूक म्हणणे म्हणजे वरली-मटक्याला शेती म्हणण्यासारखे आहे.

पण बाजार म्हणजे फक्त तेवढेच नाही. देशातल्या ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक म्हणजे सेन्सेक्स. १९७९ मध्ये तो १०० धरला होता, सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांच्या वर गेला. मधली वाट मात्र खड्ड्यांची होती. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर आला. निम्म्याहून जास्त पैसा दहा महिन्यांत गेला. परत २१ हजारांवर यायला नोव्हेंबर २०१० उजाडले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने तो ४२ हजारांवरून २६ हजारांच्या खाली आला आणि त्याच वर्षाअखेर भरून निघाला.

यातून दोन गोष्टी निघतात. तीन-चार वर्षांत लागणारा पैसा तिथे टाकायचा नाही. पोरीच्या लग्नाची तारीख बाजार बघत नाही. आणि जो पैसा दहा-पंधरा वर्षे लागणार नाही, त्यातला काही भाग सगळ्या मोठ्या कंपन्यांत थोडा थोडा विभागणाऱ्या इंडेक्स फंडात टाकला, तर एखादी कंपनी बुडाली तरी सगळे बुडत नाही. हमी तिथेही नाही. महिन्याला १ हजार असे पंधरा वर्षे टाकले तर खिशातून १ लाख ८० हजार जातात. वर्षाला १० टक्के मिळाले तर सुमारे ४ लाख १५ हजार होतात, ६ टक्केच मिळाले तर सुमारे २ लाख ९० हजार. शेवटी काय हाती येईल ते आज कोणी सांगू शकत नाही. जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहावे.

शेतकऱ्याची आणखी एक अडचण. त्याला महिन्याचा पगार नाही. दर महिन्याचा हप्ता लावला की श्रावणात खाते रिकामे आणि हप्ता परत. त्यापेक्षा सोयाबीन, कापूस विकल्यावर आणि हरभरा विकल्यावर, असे वर्षातून दोन-तीनदा ठरलेली रक्कम टाकणे जास्त जमते. मोबदल्याची मोठी रक्कम असेल तर ती एका दिवशी बाजारात न टाकता दोन-तीन वर्षांत तुकड्या-तुकड्याने टाकावी. पहिल्या सरीवर सगळे वावर पेरून मोकळा होणारा शेतकरी दुबार पेरणीची पाळी ओढवून घेतो, तसेच हे.

वीस लाखांचे एक उदाहरण

समजा घरात २० लाख आले. क्रम असा लावता येतो.

सगळ्यात आधी महागडे कर्ज. सावकाराचे किंवा फायनान्सचे २४-३० टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे तेवढ्या व्याजाची पक्की कमाई. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मात्र वेळेत भरले तर राज्यात शून्य टक्क्याने पडते, ते घाईने बंद करण्याची गरज नाही.

मग एका वर्षाचा घरखर्च आणि एका हंगामाचा पेरणीखर्च बँकेत हाताशी ठेवायचा. हा पैसा कमाईसाठी नसतो. बाकीचा पैसा वेळेआधी मोडावा लागू नये म्हणून तो असतो.

तिसरा भाग तीन ते दहा वर्षांत लागणारा. शिक्षण, लग्न, घर. यासाठी पोस्ट ऑफिस. पोस्टाच्या ठेवीमागे थेट केंद्र सरकार आहे, तिथे पाच लाखांची रेघ नाही. दहा वर्षांखालच्या मुलीसाठी सुकन्या समृद्धी, साठीच्या पुढच्यांसाठी ३० लाखांपर्यंतची ज्येष्ठ नागरिक बचत योजना, आणि राष्ट्रीय बचत पत्र. व्याजदर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवते, तो खिडकीवर विचारून घ्यावा. बँकेतल्या मुदत ठेवीही एकाच तारखेच्या न करता एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या कराव्यात. दर वर्षी एक ठेव मोकळी होते, अडचणीत मोडतोड होत नाही.

चौथा भाग खऱ्या अर्थाने लांबचा. पीपीएफ १५ वर्षांचे, वर्षाला दीड लाखांपर्यंत, आणि त्याच्या जोडीला झेपेल तेवढा इंडेक्स फंड. हा भाग किती ठेवायचा हे घरावर आहे. निम्मा झाला तरी रात्री झोप लागेल, एवढाच ठेवावा.

कागदाचीही जोखीम असते

पैसा सुरक्षित, पण घरात कोणाला माहीतच नाही, असेही होते. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत वारसदार म्हणजे नॉमिनी लावता येतात. नॉमिनी पैसा उचलतो, पण कायद्याने वाटा सगळ्या वारसांचा असतो, हेही घरात बोलून ठेवलेले बरे. एका वहीत सगळी खाती, पावत्या आणि पॉलिसी लिहून ती बायको आणि मुलांना दाखवून ठेवावी.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न : रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का? डीआयसीजीसीच्या यादीत नाव आहे का? बुडाले तर कोण आणि किती देणार? मधेच लागले तर किती दिवसांत मिळतील? व्याज इतरांपेक्षा जास्त असेल तर का? उत्तर तोंडी नको, कागदावर. संशय आला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते. फसवणूक झालीच तर राज्यात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा म्हणजे एमपीआयडी आहे. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त होते, पण ती विकून पैसा हातात पडेपर्यंत ठेवीदाराचे केस पांढरे होतात.

बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेचा अनुभवही जुन्या लोकांना आठवत असेल. परवान्याअभावी ती अडली, ठेवी अडकल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने राज्यातल्या नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना मदत मंजूर केली तेव्हा वाट मोकळी झाली. म्हणजे दहा-बारा वर्षांत जिल्ह्याने एक नाही, दोन बँका अडलेल्या पाहिल्या. तिसरी कधी आणि कोणती, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ती अडली तर घरातला किती पैसा तिच्यात अडकेल, हे आज संध्याकाळी पासबुके समोर ठेवून मोजता येते.